डबा, बाक आणि रविवार

परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाला एक सल्ला हमखास मिळतो: छोट्या छोट्या गोष्टींत आनंद शोधायला शीक. आई व्हिडिओ कॉलवर सांगते, मंडळातल्या अनुभवी काकू गणपतीच्या महाप्रसादाला रांगेत उभ्या असताना सांगतात, आणि हल्ली मोबाइलवरचे अर्ध्या मिनिटाचे व्हिडिओही तेच सांगतात. खिडकीबाहेर बर्फ, हातात आल्याचा चहा, मागे कुठेतरी बासरी. सल्ला प्रेमानं दिलेला असतो, म्हणून त्याच्याशी वाद घालणं जड जातं. पण त्यात सुखाची सगळी जबाबदारी त्या एकट्या माणसाच्या नजरेवर टाकलेली असते. करमत नाही? मग तुझंच बघायचं चुकतंय.

मला हे मान्य नाही. परदेशात जी छोटी सुखं मनापासून लाभतात, ती बहुतेक कुणीतरी कधीतरी भांडून, कायद्यात लिहून घेऊन, कर भरून उभी केलेली असतात. ती माणसाच्या स्वभावावर अवलंबून असतात, हे खरंच. पण मोकळा वेळ, बसायला जागा आणि तिथे बसायचा हक्क या तीन गोष्टी नसतील, तर कितीही रसिक माणूस असो, तो चहाचा कप घेऊन खोलीतच बसतो. तेव्हा ‘सुख शोधा’ म्हणण्याआधी ते कुठे ठेवलेलं आहे, कुणी ठेवलं आणि कुणाच्या हाताला लागतं, एवढं तरी विचारायला हवं.

मी जर्मनीत, बव्हेरिया राज्यात राहतो, म्हणून उदाहरणं इथलीच देतो.

म्युनिकमध्ये उन्हाळ्याच्या संध्याकाळी बिअरगार्टनमध्ये, म्हणजे बिअर मिळणाऱ्या मोकळ्या बागेत गेलं, की चेस्टनटच्या झाडाखाली एखादं मराठी कुटुंब डबा उघडून बसलेलं दिसतंच. थालीपीठ, शेंगदाण्याची चटणी, काकडीची कोशिंबीर. प्यायचं तेवढं तिथून विकत घेतलेलं, मुलांसाठी सफरचंदाच्या रसात सोडा. सोबत आलेला नवखा पाहुणा दबक्या आवाजात विचारतो, ‘घरचं खाल्लं म्हणून हाकलणार नाहीत ना?’ हाकलत नाहीत, आणि त्याचा मालकाच्या मोठ्या मनाशी काही संबंध नाही. 1539 च्या एका हुकमानं बव्हेरियात उन्हाळ्यात बिअर बनवायला बंदी होती. हिवाळ्यात बनवलेली बिअर तळघरांत साठवायची, तळघर थंड राहावं म्हणून वर चेस्टनट लावायचे, असा प्रघात पडला. मग लोक तिथेच सावलीत येऊन प्यायला लागले. शहरातल्या खाणावळवाल्यांचा धंदा बसला आणि त्यांनी राजाकडे गाऱ्हाणं नेलं. पहिल्या माक्सिमिलियान योझेफ राजानं 1812 साली मधला मार्ग काढला: बिअर बनवणाऱ्यांनी आपल्या तळघरावर बिअर विकावी, फार तर पाव द्यावा, जेवण विकू नये. लोक घरून जेवण आणायला लागले ते तेव्हापासून.

पुढे बिअरगार्टनमध्ये जेवणही विकलं जाऊ लागलं, पण डब्याची मुभा राहिली. 1995 साली शेजाऱ्यांच्या तक्रारीवरून एका बिअरगार्टनला रात्री साडेनऊला बंद करायचा आदेश झाला, तेव्हा हजारो लोक म्युनिकच्या रस्त्यावर उतरले. वाद वरच्या न्यायालयापर्यंत गेला आणि अखेर 1999 साली राज्यानं नियमावली केली. तिच्यात रात्री 11 पर्यंतची सोय आहेच, शिवाय बिअरगार्टन कशाला म्हणावं हेही ठरवलं आहे: बागेसारखी जागा हवी आणि लोकांना स्वतःचं खाणं आणून खाता आलं पाहिजे. (टेबलावर कापड अंथरलेलं असेल तर मात्र तिथे डबा उघडू नये. ती जागा वेटरला ऑर्डर देणाऱ्यांची.) म्हणजे त्या कुटुंबाच्या थालीपिठामागे दोनशे वर्षांचा इतिहास, एक मोर्चा आणि एक सरकारी नियमावली आहे. पुण्या-मुंबईतल्या किती उपाहारगृहांच्या दारावर ‘बाहेरचे खाद्यपदार्थ आणण्यास सक्त मनाई’ ही पाटी असते, ते आठवून पाहा. तीन पोरांना घेऊन बाहेर पडलेल्या साध्या पगाराच्या माणसाला यातली कुठली जागा परवडेल, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

दुसरं उदाहरण मला त्याहून आवडतं. बव्हेरियाच्या राज्यघटनेत कलम 141 आहे. निसर्गाच्या सौंदर्याचा आस्वाद घेणं, मोकळ्या निसर्गात विसावा घेणं, जंगलात आणि डोंगरकुरणात जाणं, पाण्यात होडी घालणं, आणि जंगलात आपोआप उगवणारी रानफळं स्थानिक रिवाजाइतक्या प्रमाणात घेऊन जाणं, हे सगळं प्रत्येकाला करता येईल, असं त्यात म्हटलं आहे. प्रत्येकाला, तिथे नागरिकत्वाची अट नाही. शिवाय डोंगर, तळी, नद्या यांच्याकडे जाणाऱ्या वाटा लोकांसाठी मोकळ्या ठेवणं हे राज्याचं आणि गावांचं कर्तव्य ठरवलं आहे. ही घटना डिसेंबर 1946 मध्ये सार्वमतानं मंजूर झाली. तेव्हा म्युनिक बाँबहल्ल्यांनी उद्ध्वस्त झालेलं होतं, लोक रेशनवर जगत होते. अशा वेळी घटनेत रानातल्या बोरांचा विचार करणाऱ्या माणसांबद्दल मला कुतूहल वाटतं. या घटनेचे मुख्य शिल्पकार विल्हेल्म ह्योग्नर. नाझी सत्तेवर आल्यावर त्यांना देश सोडावा लागला आणि पुढची अनेक वर्षं त्यांनी स्वित्झर्लंडमध्ये निर्वासित म्हणून काढली. स्वित्झर्लंडच्या नागरी कायद्याच्या कलम 699 मध्येही रानात फिरण्याची आणि फळं वेचण्याची अशीच मुभा आहे. परक्या देशात उपरा म्हणून राहिलेल्या कायदेपंडिताला ती महत्त्वाची वाटली असेल, तर नवल नाही. निदान मला तरी तो धागा तिथे दिसतो.

या कलमाचा उपयोग आम्ही मराठी लोक दरवर्षी करतो, बहुतेक वेळा ते कलम आहे हे ठाऊक नसतानाही. मार्च-एप्रिलमध्ये इथल्या ओलसर रानांत बेअरलाउख उगवतो. रुंद हिरवी पानं, वास थेट लसणाच्या पातीचा. त्याचा ठेचा होतो, पराठे होतात, डाळीत घातला तर वेगळी फोडणी लागत नाही. मूठभर घरापुरता घ्यावा, संरक्षित राखीव रानात घेऊ नये, एवढे नियम. एक सावधगिरी मात्र जिवाची आहे: अगदी तशाच पानांच्या दोन विषारी वनस्पती त्याच सुमारास त्याच रानात येतात. पान चोळून लसणाचा वास येतो का पाहावं म्हणतात; पण दहा पानं खुडून झाली की आपल्या बोटांनाच वास लागलेला असतो आणि ती खूण कुचकामी ठरते. म्हणून पहिल्या वेळी जाणत्या माणसासोबत जावं. हा जाणता माणूस बहुतेक वेळा शेजारची जर्मन आजी असते. कोकणात पावसाच्या पहिल्या सरींनंतर टाकळा, भारंगी, कुर्डू ओळखायला शिकवणारी आजी जशी असते, तशीच. आपल्याकडे अर्थात रानाचा प्रश्न पोटाचा आहे आणि त्यासाठी झगडा फार मोठा झाला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला 2006 च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाले ते 2009 साली. फिरायला गेलेल्या अभियंत्याचा ठेचा आणि गोंड गावाचा बांबू यांची तुलना ताणू नये. पण पानापर्यंत हात पोचायला दोन्हीकडे कागद लागला, हे विसरू नये.

आता रविवार. जर्मनीत आल्यावर पहिल्या रविवारी प्रत्येक भारतीय माणूस फसतो. घरात दूध नाही, कांदा नाही, आणि सगळी दुकानं बंद. पहिली प्रतिक्रिया चिडचिडीची असते: एवढा श्रीमंत देश आणि रविवारी कांदा मिळत नाही! काही महिन्यांनी तोच माणूस रविवारची वाट पाहायला लागतो, कारण त्या दिवशी त्याच्याकडून कुणाचीच काही अपेक्षा नसते. ही शांतता घटनेतून आलेली आहे. 1919 च्या वायमार घटनेच्या, म्हणजे पहिल्या जर्मन प्रजासत्ताकाच्या घटनेच्या, कलम 139 नं रविवार हा कामापासून विसाव्याचा दिवस म्हणून संरक्षित केला आणि 1949 च्या मूलभूत कायद्याच्या, म्हणजे जर्मनीच्या आजच्या घटनेच्या, कलम 140 नं ते कलम जसंच्या तसं पुढे चालू ठेवलं. बर्लिन राज्यानं नाताळाआधीचे चारही रविवार दुकानं उघडायला परवानगी दिली, तेव्हा चर्च न्यायालयात गेली आणि 1 डिसेंबर 2009 रोजी जर्मनीच्या घटना न्यायालयानं ती तरतूद रद्द केली. दुकानात काम करणाऱ्यांच्या संघटनांनाही हेच हवं होतं.

हे ऐकून ‘त्यांची संस्कृतीच वेगळी’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला मी मुंबईच्या गिरणगावाची आठवण करून देतो. जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी आठवड्याच्या सुट्टीची मागणी 1884 पासून लावून धरली आणि 10 जून 1890 रोजी ती पदरात पाडून घेतली. रविवार का, तर तो खंडोबाचा वार, असंही त्यांनी मांडलं. वायमार घटनेच्या 29 वर्षं आधी मुंबईच्या कामगाराचा रविवार मोकळा झाला होता. त्या रविवारी कामगारांनी काय केलं असेल? भजन, कुस्ती, पोरांना घेऊन चौपाटी, नाहीतर नुसती झोप. सगळी छोटी सुखं. त्यांना कुणी ‘शोधा’ म्हणून सांगितलं नव्हतं. बारा-चौदा तासांच्या पाळीतून एक दिवस सोडवून दिला होता, पुढचं त्यांचं ते पाहायला समर्थ होते.

वेळेच्या या हिशोबात एक गोष्ट आम्ही परदेशस्थ सहसा बोलत नाही. जर्मन कायद्याप्रमाणे दोन कामाच्या दिवसांमध्ये सलग 11 तासांची विश्रांती द्यावी लागते, वर्षाला किमान चार आठवड्यांची भरपगारी रजा आहे, आणि संध्याकाळी पाचला लॅपटॉप मिटून नदीवर जाणाऱ्याकडे इथे कुणी वाकड्या नजरेनं पाहत नाही. फार छान. पण पाचला लॅपटॉप मिटणाऱ्या त्या जर्मन कंपनीचं काम पलीकडून हिंजवडीतली टीम पाहत असते. इथे पाच वाजतात तेव्हा तिथे उन्हाळ्यात साडेआठ आणि हिवाळ्यात साडेनऊ झालेले असतात. इथली शेवटची मीटिंग चारला ठेवली तर ती इथल्या माणसाला लवकर वाटते आणि तिथल्या माणसाची ती जेवणाची वेळ असते. माझ्या संध्याकाळच्या फेरफटक्यात कुणाच्या तरी मुलीच्या झोपण्याआधीची गोष्ट बुडालेली असते. मीटिंग सकाळी घ्या, एवढं म्हणायची ताकद इथे बसलेल्या मराठी माणसाकडे बऱ्याचदा असते. ती वापरणारे थोडे.

आणि इथेही सुख सगळ्यांच्या वाट्याला सारखं येत नाही. रविवारी शहर शांत झोपलेलं असताना पाठीवर चौकोनी पिशवी घेऊन जेवण पोचवणारा सायकलवाला बघा. तो पुष्कळदा भारतीय विद्यार्थी असतो. 2023-24 च्या हिवाळी सत्रात जर्मनीत सुमारे 49 हजार भारतीय विद्यार्थी होते, परदेशी विद्यार्थ्यांत सर्वांत जास्त. व्हिसासाठी त्यांना वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो आधीच खात्यात अडकवून दाखवावे लागतात, वर्षाला 140 पूर्ण दिवसांपेक्षा जास्त काम करता येत नाही, आणि म्युनिकसारख्या शहरात महिन्याच्या 992 युरोंतला निम्म्याहून मोठा वाटा खोलीच्या भाड्यात जातो. घरचं शैक्षणिक कर्ज वेगळं. या मुलाला ‘बर्फ बघ, किती सुंदर’ म्हणणं क्रूर आहे. त्याला बर्फात सायकल चालवायची आहे. त्याच्याहून अवघड स्थिती नवऱ्याच्या नोकरीमागे आलेल्या बाईची. तिकडे ती शिक्षिका असते, नाहीतर फिजिओथेरपिस्ट. इथे तिच्या पदवीला मान्यता मिळायला कागदपत्रं, भाषेची परीक्षा, पुन्हा प्रशिक्षण. तिनं घरात कुंड्या लावल्या, केक शिकली, खिडकीत पक्ष्यांसाठी दाणे ठेवले की नातेवाईक म्हणतात, रमली हो! ती रमलेली नसते, थांबलेली असते. छोट्या सुखांची सगळ्यात वाईट नोकरी हीच: मोठ्या प्रश्नावर पांघरूण घालायचं.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप रास्त आहे. जर्मनीत एवढे कायदे, एवढ्या बागा, एवढा रविवार असेल, तर इथले परदेशी लोक सुखी का नाहीत? इंटरनेशन्स या संस्थेच्या 2023 च्या पाहणीत परदेशस्थांच्या पसंतीनुसार 53 देशांच्या यादीत जर्मनी 49 वा आला. अशा पाहण्यांत ज्यांना बोलायचं असतं तेच बोलतात हे धरूनही, तक्रारी ओळखीच्या आहेत: मित्र होत नाहीत, घर मिळत नाही, कचेऱ्यांत अजून कागद आणि फॅक्स. मग व्यवस्थेनं काय साधलं?

व्यवस्थेनं शांतता दिली, सोबत दिली नाही. हे कबूल करायलाच हवं. बाक सरकार बसवतं. शेजारी येऊन बसणारा माणूस सरकार देत नाही. पण त्याची वाटही इथे संस्थेतूनच जाते. जर्मन माणूस लिफ्टमध्ये बोलत नाही, क्लबात बोलतो. सात माणसं जमली की नोंदणीकृत संस्था काढता येते, आणि गिर्यारोहणापासून कबुतरं पाळण्यापर्यंत प्रत्येक छंदाची एक असतेच. यातला मला भावलेला प्रकार भाड्याच्या बागांचा. लाइपझिगमध्ये 1860 च्या दशकात हाउशिल्ड नावाच्या मुख्याध्यापकानं पालकांची संस्था काढली, मुलांना खेळायला मैदान मिळावं म्हणून. डॉक्टर श्रेबर यांचं नाव तिला दिलं. मैदानाच्या कडेला मुलांसाठी वाफे आले, मुलं कंटाळली, आईवडील खुरपी घेऊन बसले, आणि तिथून आज देशभर पसरलेल्या लाखो छोट्या बागा उभ्या राहिल्या. 1983 च्या केंद्रीय कायद्यानं बागेचा तुकडा 400 चौरस मीटरच्या आत आणि त्यातली झोपडी 24 चौरस मीटरच्या आत ठेवली आहे, भाड्यालाही कमाल मर्यादा आहे, आणि न्यायालयाच्या निकालानुसार किमान एक तृतीयांश जागेत भाजी-फळं लावावी लागतात. नुसतं लॉन करून आरामखुर्ची टाकता येत नाही. मोठ्या शहरांत यादीत नाव लावून काही वर्षं थांबावं लागतं. मिळाली की मेथी, कोथिंबीर, दुधी, हिरव्या मिरच्या लावता येतात, आणि वर्षातून काही तास सगळ्यांनी मिळून कुंपण रंगवणं, वाटा साफ करणं सक्तीचं असतं. या सक्तीतच ओळखी होतात. दुधीचा वेल शेजाऱ्याच्या कुंपणावर चढला की जर्मन भाषा आपोआप सुधारते.

इथे आपल्या लोकांबद्दल थोडं कडू बोलतो. मराठी मंडळाचा गणपती हवा, दिवाळी पहाट हवी, मुलांची मराठी शाळा तर हवीच. पण पुष्कळ कुटुंबं एवढ्यावर थांबतात. सोमवार ते शुक्रवार इंग्रजीतून नोकरी, शनिवारी भारतीय दुकान, रविवारी मराठी मित्रांकडे बटाटेवडे. भाषा बी-वनच्या, म्हणजे मधल्या पातळीच्या, पुढे नेत नाहीत, गावाच्या ग्रंथालयाचं कार्ड काढत नाहीत, मुलाच्या शाळेतल्या पालकसभेला मागच्या रांगेत बसतात. मग सुख फक्त आयात केलेल्या वस्तूंत सापडतं: पुण्याहून आलेली भाकरवडी, कुणीतरी बॅगेतून आणलेला हापूस. हापूस मलाही हवा असतो. पण ज्या जागेचा कर भरतो तिथल्या सुखांवर आपला हक्क आहे, ही जाणीव पाहुण्यासारखं वागणाऱ्या माणसाला होत नाही, आणि पाहुणा तक्रारही करू शकत नाही.

हा सगळा विषय आत्ता निघायचं कारण आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये जर्मन सरकारनं भारतीय कुशल कामगारांसाठीचे व्हिसा वर्षाला 20 हजारांवरून 90 हजारांपर्यंत नेण्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार केला. पहिल्या टप्प्यात 10 हजार तरुण पाठवायचे ठरले. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, चालक, स्वयंपाकी. तो गाडा अपेक्षेइतका पुढे सरकला नाही, पण जाणारे आज ना उद्या जाणारच. त्या राज्याची राजधानी स्टुटगार्ट हे मुंबईचं भगिनी शहर 1968 पासून आहे, बॉशसारख्या तिथल्या कंपनीचा नाशिकशी जुना संबंध आहे. वाट अनोळखी नाही. जाणाऱ्या मुलांना आपण जर्मन व्याकरण शिकवू, वेल्डिंगचे जर्मन निकष शिकवू. निफाडच्या किंवा लातूरच्या मुलाला स्टुटगार्टजवळच्या गावात नोव्हेंबरच्या पाच वाजताच्या अंधारात काय करायचं, हे कोण शिकवणार? त्यासाठी ध्यानधारणेचा तास ठेवला जाईल अशी मला भीती आहे. त्यापेक्षा त्याला हे सांगा: पाळी संपल्यावर सहसा 11 तास तुला कामावर बोलावता येत नाही. रजा हा तुझा हक्क आहे, साहेबाची कृपा नाही. गावात ग्रंथालय असतं, फुटबॉलचा क्लब असतो, स्वयंसेवी अग्निशमन दल असतं, आणि त्या दलाला तुझ्यासारख्या दणकट पोराची गरज असते. भाषा कामापुरती शिकलास तर कामापुरताच राहशील. आणि फार एकटं वाटलं तर डॉक्टरकडे जा. विमा त्यासाठीही आहे.

इतकं सांगायला कुठला खर्च येतो? येत नाही. पण हे सांगायचं तर सांगणाऱ्यालाही हक्काची भाषा यायला हवी, आणि तीच आपल्याकडे आटत चालली आहे. ज्या राज्यात लोखंड्यांनी रविवार मिळवला, तिथे सप्टेंबर 2025 मध्ये मंत्रिमंडळानं कारखान्यांतली कामाची मर्यादा दिवसाला 9 तासांवरून 12 तासांवर आणि दुकानांतली 9 वरून 10 वर नेण्याला मंजुरी दिली. कामगाराची संमती आणि जादा मोबदला या अटी आहेत, असं सरकार सांगतं. नोकरी हातात ठेवायची असलेल्या माणसाची संमती कशी मिळते, हे भोसरी-चाकणमध्ये कुणालाही विचारा. आठवड्याला 70 तास, 90 तास काम करा, असे उपदेश बड्या उद्योगपतींकडून गेली काही वर्षं येतच आहेत. त्या तासांतून उरलेल्या माणसाला मग आनंदी राहण्याची कार्यशाळा कंपनीच घेते.

परत येणाऱ्यांचाही यात वाटा आहे. जर्मनीत, हॉलंडमध्ये दहा-पंधरा वर्षं काढून पुण्याला परतलेले लोक तिथल्या फुटपाथचं, नदीकाठाचं भरभरून कौतुक करतात. म्युनिकनं 2000 ते 2011 या काळात इझार नदीच्या 8 किलोमीटर पात्राचे सिमेंटचे काठ काढून टाकले, वाळू-गोट्यांचे उतार पुन्हा केले, आणि वरच्या बाजूच्या सांडपाण्यावर जंतुनाशक प्रक्रिया बसवली; उन्हाळ्यात कचेरी सुटली की लोक टॉवेल घेऊन नदीत उतरतात. हे सगळं सांगून झाल्यावर हेच परतलेले लोक बाणेर-बावधनला अशा गृहसंकुलात फ्लॅट घेतात, जिथे कुंपणाच्या आत पोहायचा तलाव, चालायची वाट, वाचनालय आणि लॉन असतं. तिकडे सगळ्यांसाठी होतं ते इकडे मेंटेनन्सच्या बिलात विकत घेतलं की त्यांचा प्रश्न सुटतो. मुळा-मुठेच्या 44 किलोमीटर काठाचं काय करायचं यावर शहरात एवढा वाद चालू असताना, इझारच्या काठावर वर्षानुवर्षं बसलेल्या या मंडळींचा आवाज त्यात क्वचित ऐकू येतो. त्यांनी पाहिलेलं काही तरी इथे उपयोगी पडलं असतं.

आपल्याकडे जागा नाहीत असं नाही. शिवाजी पार्कचा कट्टा आहे, मरीन ड्राइव्हची भिंत आहे, गावोगाव पार आहेत. 1967 च्या कायद्याखाली अनुदानावर चालणारी सार्वजनिक ग्रंथालयं हजारोंनी आहेत, त्यातली कित्येक कर्मचाऱ्यांच्या तुटपुंज्या पगारावर तग धरून आहेत. पुण्यात 11 डिसेंबरला लक्ष्मी रस्ता पादचाऱ्यांसाठी मोकळा ठेवतात, तेव्हा लोक नुसते चालायला येतात आणि खूश होऊन जातात. वर्षातून एक दिवस. महापालिकेच्या बहुतेक बागांना मात्र भर दुपारी कुलूप असतं, म्हणजे ज्या वेळी डबा खायला, पाठ टेकायला, सावलीत बसायला डिलिव्हरीच्या मुलाला, घरकाम करून दुसऱ्या घरी निघालेल्या बाईला, कोचिंग क्लासच्या मधल्या सुट्टीतल्या विद्यार्थ्याला बागेची गरज असते, नेमक्या त्या वेळी. परदेशातून आलेल्यांनी सुरुवात या कुलपापासून करावी. प्रभाग कार्यालयात जाऊन विचारावं. उत्तर बहुधा ठरलेलं मिळेल: देखभालीला माणसं नाहीत, आणि दुपारी उघडं ठेवलं तर जोडपी येऊन बसतात. माणसं नेमा म्हणावं. आणि जोडपी बसली तर बसू देत की.